उन्हावर आलेला आळ : ०.२२ पिस्तुलाच्या कस्टम स्लाइडवर मागची साइट नव्याने बसवण्याचं प्रकरण

पिस्तूल ०.२२ एलआरचं (लाँग रायफल काडतुसाचं), सेल्फ-लोडिंग, १९११ धाटणीचं. मूळ स्लाइडच्या (गोळीगणिक मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) जागी ॲल्युमिनियमची, सीएनसीवर कोरलेली, काळी ॲनोडाइझ केलेली कस्टम स्लाइड. नेमबाज मुलगी अमळनेर तालुक्यातली, २५ मीटर पिस्तूल प्रकारात खेळणारी. थंडीत तिनं एका ठिकाणी मागची साइट, म्हणजे नेम धरायची मागची खाचेची खूण, बदलून घेतली होती. फेब्रुवारीपासून गोळ्या उजवीकडे जायला लागल्या. ती समायोजनाचा स्क्रू एकेक टप्पा, म्हणजे क्लिक, फिरवून साइट डावीकडे नेत राहिली, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत डाव्या-उजव्या समायोजनाचा स्क्रू जवळजवळ संपला. म्हणून ते पिस्तूल आमच्या परवानाधारक दुरुस्ती दुकानात आलं.

सोबत वडील होते. कपाशीचा शेतकरी माणूस, मुलीच्या खेळासाठी जीव टाकणारा. त्यांनी निदान आधीच करून आणलं होतं : ‘‘भाऊ, हाई उन्हायामुयेच व्हयनं.’’ खानदेशात हे निदान कुणालाही पटेल. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. इथे प्लास्टिकचे पाइप वाकतात, दुचाकीची सीट पोळते. मग ॲल्युमिनियमच्या स्लाइडमधली पोलादी साइट सैल का होणार नाही? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मापानं द्यायचं ठरवलं, आणि हे सगळं प्रकरण त्याच उत्तराचं आहे.

काम सुरू करण्याआधी कागद. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुका-पिस्तुलांची दुरुस्ती हा परवान्याचा विषय आहे. परवाना नसलेल्या माणसाच्या गॅरेजमध्ये, लेथवर ‘जरा ठोकून देतो’ असं चालत नाही. साइट हा वरवर साधा भाग वाटतो, पण ती बदलायला पिस्तूल दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं, आणि तिथेच माणूस अडकतो. आपल्या भागात तर जास्तच जपावं लागतं. सातपुड्याच्या कडेनं, चोपड्याच्या बाजूनं गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या सतत येत असतात, आणि पिस्तूल घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाकडे पोलीस त्या नजरेनं पाहतात. त्यात त्यांचीही चूक नाही. मुलीचा परवाना, पिस्तुलाचा क्रमांक आणि स्लाइडची कागदपत्रं जुळवली, नोंदवहीत काम लिहिलं, मगच पिस्तूल टेबलावर घेतलं. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. त्यानंतर स्लाइड फ्रेमवरून उतरवली. पुढचं सगळं काम सुट्या स्लाइडवर झालं.

डायरी काय म्हणत होती

या मुलीची एक सवय मला फार मोलाची वाटली. ती नेमबाजीची डायरी मन लावून लिहिते. तारीख, सकाळ की दुपार, किती गोळ्या, गट (लक्ष्यावर गोळ्यांचा पडलेला पुंजका) कुठे पडला, किती क्लिक कुठल्या दिशेला फिरवले, सगळं. चांगले प्रशिक्षक ही सवय लावतातच, पण बहुतेक मुलं फक्त गुण लिहून वही मिटतात. हिनं क्लिक लिहिले होते, म्हणून पिस्तूल उघडण्याआधीच अर्धं निदान हाती आलं.

आधी हिशेब. या पिस्तुलावर पुढच्या साइटपासून मागच्या साइटपर्यंतचं अंतर १७० मिलिमीटर. या खेळात ते २२० मिलिमीटरपर्यंत चालतं. लक्ष्य २५ मीटरवर, म्हणजे २५,००० मिलिमीटरवर. मागची साइट जेवढी सरकेल, त्याच्या सुमारे १४७ पट लक्ष्यावरची गोळी सरकते, आणि ती त्याच दिशेला सरकते. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरायच्या फेरीच्या, लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत २५ मिलिमीटरनं वाढतं. म्हणजे साइट ०.१७ मिलिमीटर हलली की एक पूर्ण वर्तुळ गेलं. डोळ्यांना ही हालचाल दिसतही नाही. डायरीतल्या क्लिकची बेरीज केली तेव्हा साइट एकूण साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर उजवीकडे गेली असावी असं निघालं. साइट आणि स्लाइडवर मिळून ओढलेली साक्षीची रेघ (साइट सरकली की ती तुटते) नंतर भिंगाखाली पाहिली, तिनंही तेच सांगितलं.

आता उन्हाचा मुद्दा. धातू तापला की प्रसरण पावतो आणि निवला की पूर्वीच्या मापावर येतो. केवळ उष्णतेनं गट सरकत असता, तर दुपारी उजवीकडे गेलेला गट दुसऱ्या दिवशी पहाटे डावीकडे परतला असता. डायरीत असं एकदाही नव्हतं. पहाटेचा सराव असो की भर दुपारचा, प्रत्येक दुरुस्ती डावीकडेच झालेली. एकाच दिशेनं जाणारी आणि कधीच न परतणारी हालचाल म्हणजे साइट खाचेत पुढे पुढे घसरते आहे. ऊन तिला मदत करत असेल, पण घसरायला जागा दुसऱ्याच कारणानं झालेली असणार.

वडिलांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही. माप दाखवल्याशिवाय पटूही नये.

खाचेत काय सापडलं

पिस्तुलाच्या स्लाइडवर साइट बहुधा डव्हटेल खाचेत बसते. खाच आडवी असते, तळाशी रुंद आणि वर अरुंद. साइटचा पायाही तसाच, आणि तो बाजूनं दाबून आत सरकवायचा. रूढ पद्धत अशी की नेमबाजाच्या नजरेनं साइट उजवीकडून डावीकडे बसते आणि डावीकडून उजवीकडे ठोकून निघते. हाच नियम सगळ्या पिस्तुलांना लागू नाही. कस्टम स्लाइडच्या बाबतीत तर गृहीत काहीच धरू नये. आधी खाचेची दोन्ही टोकं मोजावी. आणखी एक गोष्ट अनोळखी पिस्तुलावर विसरू नये : काही पिस्तुलांत मागच्या साइटखाली स्प्रिंग आणि छोटा प्लंजर दडलेला असतो. साइट निघताच तो उडतो. टेबलाखाली शोधण्यापेक्षा अंगठा आधीच वर ठेवलेला बरा. या स्लाइडमध्ये तसं काही नव्हतं.

स्लाइड व्हाइसमध्ये धरायची तर सपाट बाजूंवर, आणि पितळी किंवा नायलॉनच्या गालांमध्ये. ॲल्युमिनियमवर पोलादी गालांचे दात एकदा उठले की ते कायमचे. साइट काढायला पितळी पंच लावला. खरं तर ती इतकी सैल होती की हलक्या टिचकीनं हलली.

साइट बाहेर आल्यावर खाच साफ केली. तळाशी वाळलेल्या थ्रेड-लॉकरची (स्क्रू सुटू नये म्हणून लावायच्या चिकट द्रवाची) पापुद्र्यासारखी साल होती, तेलात भिजलेली. त्याखाली सेंटर पंचानं मारलेल्या ठिपक्यांच्या दोन ओळी. ही जुनी युक्ती आहे. खाच सैल वाटली की तळाला पंच मारायचे. प्रत्येक ठिपक्याभोवती धातू किंचित उचलला जातो, तो साइटला वर दाबतो आणि साइट घट्ट वाटते. पोलादी स्लाइडवरही मला हे काम आवडत नाही, पण तिथे ते काही काळ टिकतं. ॲल्युमिनियमवर उचललेल्या त्या कडा काही शे गोळ्यांत चेपून सपाट होतात. इथे तसंच झालं होतं. थंडीत घट्ट बसलेली साइट फेब्रुवारीत सैल पडण्याचं पहिलं कारण हे.

पण पंच का मारावे लागले? त्याचं उत्तर खाचेच्या बाजूंवर होतं. साइट पुन्हा खाचेत ठेवून दिव्यासमोर धरली तर वरच्या कडेला दोन्हीकडे प्रकाशाची बारीक रेघ दिसली. तिथे फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या, घातलं. ०.२० मिलिमीटरची पट्टी सहज आत गेली. तळाशी मात्र ०.०३ चीही जात नव्हती. म्हणजे साइटचा पाया खाचेला फक्त तळाच्या दोन टोकदार कडांवर टेकत होता. बाजूचा बाकी सगळा पृष्ठभाग हवेत.

इथे कोनाचा संशय आला. डव्हटेल कोन बाजारात एकच नसतो. ६० अंशांचा खूप चालतो, ६५ अंशांचाही चालतो. नोव्हॅक पद्धतीच्या पुढच्या साइटची खाच ६५ अंशांची आणि ०.३३० इंच रुंद असते, हे कस्टम काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. पाच अंशांचा फरक नजरेला जाणवत नाही, आणि साइट बसतही असल्यासारखी वाटते.

कोन मोजायला आम्ही टूलरूमची जुनी रीत वापरली. वरणगाव आणि भुसावळच्या आयुध कारखान्यांमुळे या पट्ट्यात दंडगोलावरून डव्हटेल मोजणारी माणसं अजून आहेत. सगळ्यांच्या हाती डिजिटल व्हर्निअर असला तरी या कामाला तो अपुरा पडतो, कारण त्याचे जबडे कलत्या बाजूच्या तळापर्यंत पोहोचत नाहीत. खाचेच्या दोन्ही कोपऱ्यांत एकाच व्यासाच्या दोन अचूक पिना ठेवायच्या आणि त्यांच्यामधलं अंतर स्लिप गेजनं (अचूक जाडीच्या पोलादी ठोकळ्यांनी) मोजायचं. मग दुसऱ्या व्यासाच्या पिना घेऊन पुन्हा तेच. १.५ मिलिमीटरच्या पिनांमध्ये ६.१४५ मिलिमीटर भरलं, २.० च्या पिनांमध्ये ४.८६. फरक १.२८५. पिनांच्या व्यासातल्या अर्ध्या मिलिमीटरनं त्याला भागलं की २.५७ येतं. ही संख्या म्हणजे एक अधिक अर्ध्या कोनाचा कोटँजंट. कोन ६० अंश असता तर २.७३ आलं असतं. २.५७ म्हणजे ६५ अंश. त्याच गणितातून खाचेची तळाची रुंदी १०.०० मिलिमीटर निघाली. खोली २.०० होती. दोन्ही टोकांना मापं सारखी, म्हणजे खाच निमुळती नव्हती. स्लाइड बनवणाऱ्यानं काम चोख केलं होतं.

बसवलेल्या साइटचा पाया ६० अंशांचा निघाला. दोन मिलिमीटर खोलीत ६० आणि ६५ अंशांमधला फरक वरच्या कडेला प्रत्येक बाजूस ०.२२ मिलिमीटर भरतो. फिलर गेजनं दाखवलेली फट तीच.

आता सगळा क्रम उलगडला. आधीच्या कारागिरानं ६० अंशांची साइट आणली, तळाच्या रुंदीला जुळेपर्यंत कानशीनं घासली, ती ढिली वाटली म्हणून तळाला पंच मारले, वर थ्रेड-लॉकर सोडलं आणि उजवीकडून ठोकून बसवली. बसताना पोलादाच्या टोकदार कडेनं ॲल्युमिनियमला चर पाडला. बाहेर निघायची वाट अशी आधीच घासून तयार झाली, म्हणून साइट त्याच वाटेनं, उजवीकडे, परत निघाली. पंचाचे ठिपके चेपले, लॉकर तेलानं सुटलं, आणि प्रत्येक गोळीला स्लाइड मागे-पुढे आपटताना साइट केसभर सरकत राहिली.

मग उन्हाचा वाटा किती? ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद सुमारे १२. फरक ११ मायक्रॉनचा. जानेवारीच्या पहाटेचे १२ अंश आणि मेच्या दुपारचे ४५, म्हणजे ३३ अंशांचा पल्ला. दहा मिलिमीटर रुंदीच्या खाचेत हा फरक साडेतीन-चार मायक्रॉनचा होतो. बंद गाडीत ठेवलेल्या बॅगेत ६० अंश धरले तरी पाच-सव्वापाच. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साइट जर १५ मायक्रॉनच्या दाबानं, म्हणजे खाचेपेक्षा तेवढी मोठी असल्यानं, पूर्ण बाजूवर टेकून बसली असेल, तर खानदेशचा उन्हाळा त्या दाबाचा तिसरा हिस्साच खाऊ शकतो. दोन कडांवर कशीबशी टेकलेल्या साइटकडे मात्र गमवायला काही उरलेलंच नव्हतं. वडिलांना मी फिलर गेजची पट्टी स्वतः फटीत घालायला दिली. ती आत गेल्यावर त्यांनी उन्हाचं नाव पुन्हा काढलं नाही.

कोणता उपाय

आहे तीच साइट ६५ अंशांवर घासता येईल का, असं मुलीनं विचारलं. खर्चाचा प्रश्न होता, म्हणून नीट विचार केला. येत नाही. पायाची मान आधीच खाचेच्या तोंडापेक्षा दोन्ही बाजूंनी ०.२२ नं अरुंद होती. कानस धातू काढते, घालत नाही. पितळी पत्र्याची शिम भरणं शक्य होतं, पण शिम ही सामन्याआधीच्या रात्रीची तडजोड आहे. खाच भरून ६० अंशांची नव्यानं कापणं म्हणजे चांगल्या स्लाइडचा बळी, आणि ॲनोडायझिंगचा कठीण थरही गेला असता.

त्यामुळे ठरलं : ६५ अंशांच्या पायाची, किंचित जास्त मापाची नवी समायोज्य साइट आणायची आणि फक्त साइट घासायची. स्लाइडला कानस लावायची नाही. हा नियम मी कुठल्याच कामात मोडत नाही. साइट बिघडली तर दुसरी मिळते. स्लाइड बिघडली तर कस्टम कामाची सगळी किंमत गेली, आणि आपल्याकडे दुसरी स्लाइड आणणं म्हणजे पुन्हा कागदपत्रांची वारी. स्लाइडवर आम्ही एवढंच केलं : पंचाच्या ठिपक्यांभोवतीच्या उचललेल्या कडा बारीक दगडानं तळाच्या पातळीला आणल्या.

नवी साइट आली तेव्हा पायाची तळाची रुंदी १०.१२ होती. आम्हाला १०.०१५ हवी होती. १०५ मायक्रॉन काढायचे, आणि तेही कोन न बिघडवता. यासाठी त्रिकोणी बारीक कानशीची एक कड दगडावर गुळगुळीत करून घ्यावी लागते, म्हणजे कलती बाजू घासताना कानस पायाच्या वरच्या खांद्याला खात नाही. दोन्ही बाजू आलटून-पालटून घासल्या तर साइट मधोमध राहते पण कोन डळमळतो, म्हणून एकाच बाजूनं काम केलं. खाच आडवी असल्यानं एवढासा फरक पुढे-मागे पडतो, डाव्या-उजव्या नेमाला तो लागत नाही.

इथे घाई केली की काम संपलं. तीन-चार हात कानस, मग फिटरची निळी शाई पायाला पुसायची, साइट खाचेत हातानं जाईल तेवढी सारायची, काढायची आणि शाई कुठे उमटली ते पाहायचं. पहिल्या वेळी शाई एका टोकाला ठिपक्यासारखी दिसली. हळूहळू ती पट्टी झाली, आणि शेवटी बाजूच्या बहुतांश भागावर सलग उमटली. पायाखाली तळाशी केसभर मोकळीक ठेवली, म्हणजे सगळा दाब कलत्या बाजूंवर पडतो. साइट अंगठ्याच्या जोरानं एक-तृतीयांश आत जाऊन थांबायला लागली तेव्हा कानस बाजूला ठेवली. पोलादी स्लाइड असती तर याहून घट्ट ठेवली असती. ॲल्युमिनियममध्ये जादा दाब दिला तर खाचेचे ओठच उघडतात. आत शिरणारी पुढची कड किंचित गोल केली, नाहीतर तिनं पुन्हा नांगर चालवला असता.

बसवताना ज्या उन्हावर आळ आला होता, त्याचाच उपयोग केला. स्लाइड दुपारी पत्र्यावर, कापडात गुंडाळून ठेवली. ती साधारण ५५ अंशांपर्यंत तापली. साइट घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. तिशीच्या तापमानाशी तुलना केली तर खाच पाच-सहा मायक्रॉननं उघडते आणि साइट तितकीच आकसते. पंधरा मायक्रॉनचा ताण क्षणभर चारवर येतो. साइटवर लगेच दव धरतं, त्यामुळे ती तेलाच्या फडक्यानं पुसावी लागते, आणि हात चालता हवा. साइट-पुशरच्या स्क्रूनं ती शांतपणे सरकत मध्यावर आली. हातोडीची गरज पडली नाही. तापमान सारखं झाल्यावर पंच लावून पाहिलं, हलली नाही. साइटमधला ग्रब स्क्रू (साइट जागेवर धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) थेट ॲल्युमिनियमवर टेकला असता तर खळगा पडला असता, म्हणून त्याच्याखाली पितळेची चकती ठेवली. शेवटी साइट आणि स्लाइडवर मिळून एक बारीक साक्षीची रेघ ओढली.

पुढची साइट, जिची तक्रार कुणी केली नव्हती

जुनी मागची साइट काढताना आणखी एक गोष्ट दिसली होती. तिची पाती (नेमाची खाच असलेला वर-खाली, डावी-उजवी सरकणारा पातळ भाग) वर-खाली समायोजनात जवळजवळ टोकाला चढवलेली होती. तिथे स्प्रिंगचा जोर उरत नाही आणि पाती डुगडुगते. मुलीच्या गटांमध्ये वर-खाली ताण होता, म्हणजे गोळ्या उभ्या पसरत होत्या. तो तिनं स्वतःच्या श्वासाच्या माथी मारला होता.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ३० गोळ्या प्रिसिजनच्या आणि ३० रॅपिडच्या, म्हणजे झटपट मारायच्या फेरीच्या. हा प्रकार १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतनं त्यात सुवर्ण मिळवल्यापासून आपल्याकडच्या मुली तो ओळखू लागल्या. प्रिसिजनच्या लक्ष्याचा काळा भाग २०० मिलिमीटरचा असतो. ही मुलगी त्याच्या खाली पांढरी फट ठेवून नेम धरते आणि गोळी मध्ये पडावी अशी साइट लावते. रॅपिडचं लक्ष्य वेगळं, काळा भाग ५०० मिलिमीटरचा. तिथे ती मध्यावर नेम धरते. म्हणजे एकाच सामन्यात तिला पाती सुमारे १३० मिलिमीटरच्या फरकासाठी खाली आणावी लागते. १७० मिलिमीटरच्या अंतराला हे जवळपास ०.९ मिलिमीटर झालं. पाती आधीच टोकाला असेल तर प्रिसिजनमध्ये ती सैल राहणारच.

नवी पाती मधल्या पट्ट्यात आणली आणि वाळूच्या पिशवीवर टेकून तिनं गट मारला, तर तो ९० मिलिमीटर खाली पडला. अपेक्षेप्रमाणेच. गोळी वर आणायची तर पुढची साइट कमी उंचीची लागते. ९० गुणिले १७० भागिले २५,०००, म्हणजे ०.६१ मिलिमीटर. पुढची साइटही बदलली, पण गणितापेक्षा थोडी उंच ठेवून. मग रेंजवर गट पाहून वरून कानशीनं उतरवत नेली. पुढची साइट नेहमी उंचच घ्यावी, घासून कमी करता येते. घासताना मागची, नेमबाजाकडची, वरची कड काटकोनात आणि धारदार राहिली पाहिजे. ती गोल झाली की आपल्या उन्हात तिच्यावर चकाकी येते आणि साइटचा माथा नेमका कुठे आहे ते कळत नाही. उघड्या झालेल्या धातूला रसायनानं काळं केलं. सामन्याच्या दिवशी मुलगी त्या साइटवर कापराच्या ज्योतीची काजळी धरते. जुने नेमबाज हेच करत आले आहेत, आणि आजही याहून काळा रंग मला माहीत नाही. काजळी सुट्या स्लाइडवर, काडतुसांपासून लांब धरायची.

रुंदीचाही विचार केला. जुनी पुढची साइट ३.२ मिलिमीटरची होती, मागच्या नॉचमध्ये (पातीतल्या नेमाच्या खाचेत) तिच्या दोन्ही बाजूंना जास्तच उजेड राहायचा. ४.० ची घेतली. हा आवडीचा भाग आहे. तिला स्थिर वाटली, म्हणून ठेवली.

चाचणी

पहिला गट मधोमधपासून ४० मिलिमीटर डावीकडे होता. हिशेबानं मागची पाती ०.२७ मिलिमीटर उजवीकडे न्यायला हवी होती. साइटच्या एका क्लिकला पाती ०.०५ सरकते, म्हणजे लक्ष्यावर सात मिलिमीटरच्या थोडं वर. सहाव्या क्लिकला गट मध्ये आला. साइट खाचेत नजरेनं मध्यावर आणल्याचा हा फरक होता, तो तिथेच फिटला.

खरी परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी घेतली. पिस्तूल मुद्दाम सावलीच्या बाहेर ठेवून स्लाइड हाताला पोळेल इतकी तापू दिली. सामन्याइतक्या ६० गोळ्या झाडल्या, मग निवू दिली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा एक गट. दोन्ही गटांचे मध्य एकमेकांवर पडले. भिंगाखाली साक्षीची रेघ सलग होती. वर-खालीचा ताणही निम्म्यानं कमी झाला होता. मुलगी त्यावर फार काही बोलली नाही. डायरीत प्रिसिजनची जागा आणि रॅपिडसाठी खाली १८ क्लिक, एवढं लिहून घेतलं.

पहिल्या दोन-तीन सरावांनंतर ग्रब स्क्रू एकदा तपासायला सांगितला आहे. चकती दबून बसते, तेव्हा स्क्रू पाव फेरा घेतो. पावसाळ्यात पुढच्या साइटच्या घासलेल्या कडेला तेलाचं बोट फिरवायचं, रसायनाचा काळा रंग गंज थोपवत नाही. स्लाइडच्या डबीवर मी कायम शाईनं लिहून दिलं : डव्हटेल ६५ अंश, तळाशी १०.०० मिलिमीटर, खोली २.००. उद्या ती दुसऱ्या कुणाकडे साइट बदलायला गेली, तर साइट मागवण्याआधी त्यानं हे वाचावं.